चाळीस पावलं

ग्रोव्हर स्टॅमनं काउंटरवर जुनी गोधडी अंथरली
आणि तीन बंदुका निजवल्या तिच्यावर.
"विल्डा, खांद्याचं काय म्हणतो डॉक्टर?"
म्हणतो, आत दोन स्क्रू आहेत. एक नीट वागतो,
दुसऱ्याचा भरवसा नाही.

लॉइडची पंप गन घरी खुंटीला आहे.
बारा बोअर. खेचरासारखी लाथ मारते.
सत्तेचाळीस वर्षं त्यानं ती खाल्ली, कधी तक्रार नाही.
माझ्याबद्दल मात्र करायचा.

म्हणून सेमी-ऑटोमॅटिक.
"काडतुसाचाच वायू मागे वळतो, पुढचं काडतूस भरतो,
आणि जाता जाता धक्क्यातला अर्धा घास घेतो," ग्रोव्हर म्हणाला.
वीस बोअर. चोवीस इंची नळी, झुडपात अडकायची नाही.
रंग चिखलाचा.
टर्कीला वासाचं काही कळत नाही, पण डोळे?
ते देवानं दिलेले नाहीत, ढापलेले आहेत.
दोष एकच. बोल्ट हळूच मिटवला तर बसत नाही.
सोडूनच द्यावा लागतो, खाडकन.
पहाटे साडेपाचला, ओकांच्या त्या गप्प रानात, खाडकन.
लॉइडनं डोळे मिटून घेतले असते.

मग चोक.
डबीत अंगठ्याएवढ्या पोलादी नळ्या,
शिलाई मशीनच्या बॉबिनी ठेवाव्यात तशा.
बंदुकीच्या तोंडाशी फिरवून बसवायच्या.
गळा जितका आवळाल, तितके छर्रे लांबवर एकत्र जातात.
"किती लांबचा मारणार?"
चाळीस पावलं, मी म्हटलं.

हा आकडा माझा नव्हता.
लॉइड माझ्या डाव्या हाताला बसायचा,
पाटीवर काडी घासून मादीचा आवाज काढायचा
आणि ओठ न हलवता अंतर सांगायचा :
साठ. पन्नास. थांब. थांब गं. चाळीस.
मला मोजायची पाळी कधी आलीच नाही.
सगळ्यात घट्ट चोक घेतला.

रविवारी चर्चहून आल्यावर कुंपणाला खाटकाचा कागद ताणला.
नातीनं, टॅन्सीनं, मार्करनं टर्कीची मान काढली,
खाली टाय घातला.
चाळीस पावलं तिनंच मोजली, तिच्या लांब ढांगांनी.
वर्तुळात एकशे अठरा भोकं. एकेकाला पेन्सिलीची खूण.
मानेत एकवीस. टायला तीन.
खांदा कुरकुरला, ओरडला नाही.

एप्रिलचा तिसरा आठवडा. डॉगवूड पांढरे झालेले.
ओकाला पाठ लावून बसले, पाटी घासली.
माझी मादी गंजल्या बिजागरीसारखी बोलते,
तरी दरीपलीकडून तो गरजला.
परत गरजला. मग गप्प.
चाळीस पावलांवर एक सीडर होता,
तासभर मी त्याच्यावरच नळी रोखून.

तो आला डावीकडून.
लॉइडच्या जागेवरून, अगदी.
पिसारा फुगवल्याची ती घरघर आधी बरगड्यांत ऐकू येते, मग कानात.
डोकं लाल, निळं, पांढरं. वळताना माझा गुडघा कटकन वाजला,
त्यानं मान उंच केली,
आणि मी चाप ओढला.

नऊ पावलं.
नऊ पावलांवर छर्रे पांगलेले नसतात.
मूठ असते, माझ्या मुठीएवढी,
आणि तिच्याशेजारून मान निघून गेली.
मागच्या डॉगवूडच्या रोपाला तेवढंच भोक पडलंय, गोल.
दुसरं काडतूस आपोआप येऊन बसलं होतं.
तो उतारावरून पळत होता, पाठमोरा.
पळत्या पाठीवर मी मारत नाही.
हा नियम लॉइडचा नव्हे.

"किती लांब होता?" ग्रोव्हरनं विचारलं.
नऊ.
हसला नाही. बिचारा, गिऱ्हाइकांना ओळखतो.
डबी पुढे सरकवली. मी मधला चोक घेतला, सैलसर,
घट्ट परत केला नाही. पैसे दिलेत.

घरी येऊन मोजलं :
सिंकपासून त्याच्या खुर्चीपर्यंत नऊ पावलं.
टेबलाला वळसा घातला तर अकरा.
इतकी वर्षं कॉफीचा कप घेऊन मी तिथून गेले,
आणि कुणी विचारलं असतं तर
बेधडक सांगितलं असतं, वीस तरी असतील.