शेरा

ओरोसहून मोटारसायकलनं दीड तास,
शेवटचा पाऊण मैल पायी, कातळावरून.
काम साधंच: खांबडवाडीच्या राखणदाराचं मस्टर तपासायचं,
कुंपणाचे पाइप मोजायचे
(बेचाळीस, पैकी तीन गंजून गेलेले),
'संरक्षित स्थळ' ही पाटी जागेवर आहे का बघायचं.
पाटी होती.
खाऱ्या वाऱ्यानं आकड्यातलं एक शून्य खाल्लं होतं.
म्हणजे नव्वद कोटी वर्षं
कागदोपत्री गहाळ.

लवू कोयंडे उंडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता.
उठला, टोपी घातली, मला खाली घेऊन गेला.
सुकती लागलेली. पलीकडच्या खडकावर दोन बाया
कालवं काढत होत्या,
टक, टक, मध्येच एकीचं हसणं, परत टक.
"ह्या बगा," लवू म्हणाला,
आणि बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा
दगडावर हात ठेवला.

खालचा दगड उभा. पट्ट्यापट्ट्यांचा, काळा-गुलाबी,
पिळून वाळत घालायचा राहिलेला.
वरचा आडवा, वाळूचा,
चटईवर चटई, चटईवर चटई.
मध्ये एक रेघ.
रेघेत गोटे अडकलेले,
खालच्याच दगडाचे तुकडे, घासून घासून गोल,
आता वरच्याच्या पोटात.

"कॉलेजची पोरा येतत. मास्तर त्येंका सांगतत,
अंगठो हय ठेवा, करंगळी थय.
मधे शंभर कोटी वर्सा."
"नक्की शंभर?"
"कमी-जास्त."
"कमी-जास्त म्हणजे?"
"धा-पंदरा कोटी," म्हणाला, आणि बाजूला थुंकला.

त्या वर्षांत काहीच झालं नसेल असं नाही.
डोंगर झाले असतील, झिजले असतील,
पाऊस पडला असेल, भिजायला एकही झाड नसताना.
सगळं वाहून गेलं,
आणि गेलं तिथंच
दुसरं काहीतरी येऊन टेकलं,
जागा कुणाची होती ते न विचारता.

वर येऊन मी मस्टर उघडलं.
रोजची एक ओळ: तारीख, भरतीची वेळ,
'१ वा. जेवण, डबा आला', खाली सही.
सही ताठ, उभी, काना मोडेल इतकी दाबून.
ऑगस्टची आठ तारीख.
आणि तिला चिकटून, मध्ये बोटभरही जागा न सोडता,
वीस तारीख.

अकरा दिवस नाहीत.
"आजारी होतास?" नाही.
"गावाला?" नाही.
मी म्हटलं, हरकत नाही, चिठोऱ्यावर लिहून
इथं डकवून टाक, ऑडिटला चालतं.
त्यानं कुंपणाकडं पाहिलं.
"सायबानू, तुमी शंभर कोटी वर्सा नाय म्हणान
ह्या कुपण घातलास. माका पगार देतास.
आणि माज्या अकरा दिसांत
शाय वतूक सांगतास?"

रागावला नव्हता. विचारतच होता.

मी परत पान पाहिलं.
वीस तारखेपासून सही आडवी पडलेली,
बारीक, लांबट, कागदावर पसरलेली.
भरतीच्या वेळा नेहमीसारख्या बरोबर.
'१ वा. जेवण' आहे.
'डबा आला' नाही. त्या दिवशी नाही,
एकविसाला नाही, आणि पुढं कुठंच नाही.

दगडात जुनं खाली असतं, मस्टरात वर,
एवढाच काय तो फरक.

खाली पाणी चढायला लागलं होतं.
बाया टोपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या,
एकीनं जाताना त्याच्या खुर्चीजवळ
पानात बांधलेलं काहीतरी ठेवलं,
तो तिच्याकडं न बघता "बरा" म्हणाला.
मी पेनाचं टोपण काढलं.
आठ आणि वीसच्या मधल्या रेघेसमोर, समासात,
शेरा लिहिला:
'नोंद नाही. जागा आहे तशी ठेवावी.'
सही केली, तारीख घातली.

पाइपांचं लिहायचं राहूनच गेलं.