तिसऱ्या कोठारातली पेटी

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मावळतो.
रक्तपेढीतली माझी पाळी संपते तेव्हा
टे नदीवरचा पूल नुसत्या दिव्यांवरून ओळखायचा.
दिवसभर पिशव्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या:
ओ निगेटिव्ह, चार अंश, पस्तीस दिवस.
आणि रात्री, किटली ठेवली की,
दुसऱ्याच्या जहाजात शिरायचं.

जहाज माझं नाही. कॅप्टन हेस्टर ऑर्डवे माझी नाही.
तिच्या भुवईवरचा व्रणसुद्धा टीव्ही कंपनीच्या मालकीचा.
हारग्रीव्हबाईंनी लंडनहून नियमांची वही धाडली आहे,
भाडेकरूच्या हाती ठेवतात तशी.
भिंतीत खिळा ठोकायचा नाही.
कुणाचं लग्न लावायचं नाही, कुणाचा हात तोडायचा नाही,
शेवटच्या पानावर सगळं होतं तिथे ठेवून
दिवा मालवून निघायचं.
पैसे एकरकमी. नाव मुखपृष्ठावर, कॅप्टनच्या बुटाखाली.

"या खेपेला जरा भीतीचं हवं," बाई फोनवर म्हणाल्या.
"व्हॅम्पायर चालेल. पण शास्त्रीय."

शास्त्रीय!
मी तीन रात्री नुसती आकडेमोड करत बसले.
ग्रहाभोवती दीड तासात एक फेरी,
म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय.
बिचाऱ्यानं मरायचं तरी किती वेळा?
आणि सूर्य म्हणजे नेमका कोणता?
त्याच्या गावावर उगवायचा तोच,
की कुठलाही परका तारा
पुरतो त्याला जाळायला?
आरशाचं जमलं: कॅमेऱ्यात नुसता
रिकामा अंतराळवेष चालत येतो.
उंबरठ्याचं तर त्याहून सोपं.
आवतण दिल्याशिवाय तो आत येत नाही,
पण हवाबंद दाराला कुणीतरी शिकवून ठेवलंय
येईल त्याला "या, या" म्हणायचं.

पेच पडला तो रक्ताचा.
प्यायचं कुणाचं?
कॅप्टनचं नाही, डॉक्टरचं नाही,
वैमानिकाच्या मांजराचंही नाही
(मांजर पुढच्या पर्वात लागणार आहे).
मरायची मुभा फक्त माझ्या माणसांना.

म्हणून मी एक माणूस केला.
लॅक्लन पिर्री, आर्ब्रोथचा, पंप दुरुस्त करणारा, वय चोवीस.
आजोबांच्या होडीवरून उतरून सात वर्षं झाली
तरी आपल्या बोटांना माशांचा वास येतो असं त्याला वाटायचं.
चाळीस पानं जगला.
एक विनोद सांगितला, तोही अर्धा; तेवढ्यात भोंगा वाजला.
एकशे बाराव्या पानावर मी त्याला
तिसऱ्या कोठारात एकटं पाठवलं.

त्या रात्री किटली कोरडी पडेस्तोवर उकळली.
मानेवर दोन खुणा, असं लिहिलं आणि खोडलं.
सुई कशी टोचायची ते मला ठाऊक आहे.
कोपराच्या खोबणीत, एकच, नीट, जवळजवळ मायेनं.
"दुखेल का?" पिर्रीनं विचारलं.
पेढीत रोज तीसेक जण हेच विचारतात.
"किंचित," तो म्हणाला, माझ्याच आवाजात.

शेवट नियमाबरहुकूम केला.
एका लाल ताऱ्याच्या पहाटेत तो राख झाला,
कॅप्टन हसली, जहाज वळलं.
त्याच्या गावच्या मातीची पेटी तेवढी
मी बाहेर टाकली नाही.
विसरले असेन असं बाईंना वाटलं. वाटू दिलं.
पिर्रीला कुठे ठेवला, तेही लिहिलं नाही.

दोन वर्षांनी पुढचं पुस्तक आलं.
लिहिणारा विनिपेगचा कुणी ओसिप डॅनिलुक.
कधी पत्र नाही, ओळख नाही.
स्टेशनवरच्या दुकानात उभ्या उभ्या चाळत होते.
एकोणसत्तराव्या पानावर, काही कारण नसताना:
"तिसऱ्या कोठारातली एक पेटी यादीपेक्षा जड भरली,
साधारण एका माणसाएवढी.
आत कुणीतरी हसल्यासारखं वाटलं,
एखाद्या विनोदाचा उरलेला अर्धा भाग
आत्ता कुठे कळावा तसं."

मी पैसे मोजले.
बाहेर साडेतीन होत आले होते.