तिसरा फ्यूज

उणे चौतीस. काच आतून पांढरी.
दारखान वीस किलोमीटरवर असताना पंखा गेला.
एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात बँकेचं जुनं कार्ड,
वाटीएवढं भोक खरवडत राहिले
आणि त्या वाटीतून रस्ता प्यायले.
मागे तीन प्रवासी. त्यांच्या श्वासाचाच
काचेवर बर्फ होत होता.
कुणाला कसं सांगायचं, जरा बेतानं घ्या श्वास?

दंबिजावच्या गॅरेजात शेगडी, शेगडीवर
मीठ घातलेला दुधाचा चहा.
त्यानं आधी चहा दिला, मग विचारलं,
"ओरडत गेला, की गुपचूप?"
पंख्याबद्दल विचारत होता.
"दोन दिवस कुंईऽऽ करत होता. मग गप्प."
"आणि तू रेडिओ मोठा केलास."
मी चहात बघत राहिले.

हीटरच्या दोन्ही नळ्या त्यानं चाचपल्या,
तापातल्या पोराचं मनगट धरावं तशा.
"ऊब आहे की," म्हणाला,
"डॅशबोर्डच्या मागे बसलीय कोंडून.
ढकलायला कुणी नाही."

फ्यूजच्या झाकणावर जपानी अक्षरं.
ना त्याला वाचता येतात, ना मला.
अशा गाड्या तो चित्रं बघून दुरुस्त करतो.
"पंख्याचं चित्र शोध, तुझे डोळे अजून शाबूत आहेत."
फ्यूज जळालेला.
नवा घातला, बटण फिरवलं:
टक्. तोही गेला.
तिसरा मी उचलला तर त्यानं माझं मनगट धरलं.
"हा चोर नव्हे गं. हा भुंकणारा कुत्रा.
किती कुत्रे मारशील? चोर आत बसलाय."

मग तो आडवा झाला,
डोकं प्रवाशाच्या पायांच्या जागी, पाय दाराबाहेर.
सामानाचा कप्पा काढला. तीन स्क्रू.
तिसरा गंजलेला, त्याला शिव्या, मग तेल, मग पुन्हा शिव्या.
मोटर त्याच्या तळहातावर उतरली,
पात्यांचा पिंजरा, ताकाच्या लोट्याएवढा.
"फिरव."
मी बोट लावलं. तसूभर हलला नाही.

आसाभोवती लोकर. लाल. करकचून वेढलेली.
तिच्यात उंदराच्या लेंड्या, गव्हाचे चार दाणे
आणि एक अंगठा.
विणलेला. अख्खा. पाच-सहा वर्षांच्या हाताचा.

ऑक्टोबरात सोलोंगोचा एक हातमोजा हरवला.
ती म्हणाली, गाडीतच काढला होता.
मी सीटखाली हात घातला, पायपुसणी झटकली,
आणि म्हटलं, खोटं बोलतेस.
नवा विणला नाही. वळण लागावं म्हणून.
एक मोजा घालून ती शाळेत जायची,
दुसरा हात खिशात.
दोन दिवस मुसमुसली.
मग गप्प.

दंबिजाव सुरीनं लोकर कापत होता,
सोललेल्या बटाट्यासारखी मोटर फिरवत.
बॅटरीच्या दोन तारा थेट लावल्या.
आधी एक झटका, मग कुरकुर,
मग पाती दिसेनाशी झाली.
"जगली," तो म्हणाला. "उंदराचं काय झालं, मला विचारू नकोस."

तिसरा फ्यूज टिकला.
भोकांतून आधी उंदराचा वास आला,
मग जळक्या लोकरीचा, मग नुसती ऊब.
काच खालून उघडत गेली:
आधी बोनेट, मग फाटक,
मग रस्त्यापलीकडचा एक माणूस, कुत्र्याशी बोलणारा.
त्यानं दोन फ्यूजचे पैसे घेतले.
"पहिला तुझ्या घाईचा," म्हणाला. "दुसरा शेवटी लागलाच."

अंगठा मी कोटाच्या खिशात टाकला होता.
प्रवाशांनी विचारलं, उलानबातरला किती वाजतील?
म्हटलं, उशीर होईल. आधी शाळेवरून जायचंय.
काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.
पंखा तीनवर ठेवला.
रेडिओ बंद.