धुपदाळच्या बांधावर

भरमाभावजी शुक्रवारी रिटायर झाले.
उद्यमबागेतल्या फौंड्रीत एकतीस वर्षं
वाळूत साचे दाबले,
आणि मधल्या कुठल्यातरी वर्षी
कान तिथंच ठेवून आले.

रविवारी मी म्हटलं, चला, पक्षी बघू.
म्हटलं म्हणजे वहीत लिहून दाखवलं.
त्यांच्या खिशातली वही, डाव्या पानावर किराणा,
उजव्यावर आमचं बोलणं.
"लांब आहे?"
घटप्रभा स्टेशनपर्यंत बस, पुढं रिक्षा.
"डबा?"
ताईनं दिलाय.

गेटावर अडिवेप्पा नावाचा गार्ड,
आधी प्लॅस्टिक मोजतो, माणसं नंतर.
कुंद्याच्या डब्यावर त्यानं स्टिकर चिकटवला,
दहा रुपये डिपॉझिट.
रजिस्टरचे रकाने कन्नडात.
भावजींनी मला विचारलं नाही,
वरच्या नोंदींचा आकार बघत भरत गेले,
नाव, गाव, किती जण.
शेवटच्या रकान्याशी थांबले,
जिथं सगळ्यांनी पक्षी लिहिलं होतं,
आणि लिहिलं: सुट्टी.
इतकं दाबून
की मागच्या पानावरही सुट्टी उमटली.

बांधावरनं पाणी ओतलं जात होतं,
वितळल्या बिडासारखं, मी मनात म्हटलं,
पण बीड मी कधी पाहिलंय?
भावजींचं पाण्याकडं लक्षच नव्हतं.
पलीकडं उथळात राखी गर्दी उभी,
गळ्यापासनं छातीपर्यंत काळं,
कानामागनं पांढरे तुरे.
करकोचे. फार लांबनं येतात, असं बोर्डावर,
भाषा तीन, चित्र एक,
चित्रावर गंज.

ते मोजू लागले.
दोनशे बारापर्यंत पोचले
तेवढ्यात मासेवाल्याचं कुत्रं पाण्यात घुसलं
आणि आकडाच उडाला.

शेकडो चोची, एकदम उघडलेल्या.
भावजी माझ्याकडं वळले,
यंत्रावरनं ओरडायच्या जुन्या आवाजात म्हणाले,
"काय म्हणूलेत रे?"
गोकाकचं एक कुटुंब
करदंट चावायचं थांबून बघायला लागलं.

मी वही घेतली. कर्र लिहिलं. खोडलं.
क्रुर्र. खोडलं.
दुर्बीण पुसत अडिवेप्पा डोकावला,
"नम्म कडी करकर अंतारी."
आमचा करकोचा, त्याचा करकर,
दोघांच्याही म्हाताऱ्यांनी आवाजावरनंच नाव ठेवलेलं,
आणि आवाज तेवढा कागदावर येईना.

तेव्हा भावजींनी उजवा हात उचलला,
करंगळीला नख नसलेला,
चटक्यांनी गुळगुळीत झालेला,
आणि तळवा माझ्या गळ्यावर ठेवला.
"म्हण."

मी पोस्टात आहे. काउंटर तीन.
बावन्न वर्षांचा.
स्वतःच्या लग्नात उखाणाही
कुजबुजत घेतलेला माणूस.
गोकाकच्या कुटुंबासमोर मी
घशाच्या पार तळातनं
कर्र्र म्हणालो.

"जोरानं."

कर्र्र्र.

त्यांची बोटं जरा दाबली, जरा सैल झाली.
"एकसलग, की थांबत थांबत?"

मग मात्र मला वर बघावं लागलं,
ऐकावं लागलं,
त्या दिवशी पहिल्यांदाच नीट.
थांबत थांबत. एक उंच, मग एक पडका,
मधे बांधाचं पाणी.
तसं केलं.
थव्यावरची नजर न काढता
त्यांनी मान हलवली,
माल पास करताना हलवत असतील तशी.

थवा हरभऱ्याच्या रानांकडं गेला.
कुंदा आम्ही उभ्या उभ्याच संपवला,
डबा घेऊन आलो, डिपॉझिट विसरलो.

बसमध्ये माझ्या घशात खरखर होती.
भावजी वहीत काहीतरी लिहीत होते.
वाकून बघितलं.
किराण्याचं पान. तूरडाळ एक किलो,
त्याखाली २१२,
त्यापुढं अधिकचं चिन्ह,
आणि त्यापुढं, पानाच्या कडेपर्यंत,
मोकळं ठेवलेलं.