पिंजरा क्रमांक सात

म्हसरूळच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर
बारा उंदीर, बारा पिंजरे, पंधरा दिवस.
मधले पुठ्ठे मीच लावले.
कुणी कुणाला दिसू नये
एवढीच प्रयोगाची अट.

सोळाव्या दिवशी पाहुणा सोडायचा आत
आणि स्टॉपवॉच दाबायचं.
आधी शेपूट थरथरतं, भुशावर खडखड वाजतं,
मग चावा.
अकरा सेकंद. नऊ. सहा.
मी रकाने भरत जाते.

मेंदूत खोल,
राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत
पेशींच्या दारांना कड्या असतात.
एकटेपणात एक रसायन साचत जातं
आणि रात्रंदिवस तीच कडी वाजवत राहतं.
आतलं घर उठून बसतं : चोर आला, चोर आला.
आलेला असतो पाहुणाच.

औषध टोचलं की कडीवर बोळा बसतो.
वाजवणारा वाजवतो, आत ऐकू जात नाही.
तोच उंदीर मग पाहुण्याला हुंगून सोडून देतो,
कोपऱ्यात जाऊन बसतो पाठ करून.
चावला नाही, असं लिहिता येतं.
पाठ केली, याला रकाना नाही.

सात नंबर मात्र
औषधाशिवायच चावला नाही.
दहा मिनिटं झाली,
पाहुण्याच्या मानेखाली नाक खुपसून झोपला.

केदामामा बाटल्या विसळत होते.
"थंडी काय पडलीय ताई,
निफाडला लोक द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून बसलेत.
हा दाराजवळचा, वारं याला लागतं.
म्हणून त्या घोळक्याच्या पिंजऱ्यातला मूठभर भुसा
टाकायचो रात्री याच्यात.
वास तरी यावा कुणाचा."

मी काही बोलले नाही.
वहीत लिहिलं : सात, वगळला.
कारण : हाताळणीतली चूक.
'चूक' हा शब्द पेनानं दोनदा गिरवला गेला.

रात्री खोलीवर.
पावणेदहाला दार वाजलं.
वरच्या गांगुर्डेबाई असणार,
महिन्यात दुसऱ्यांदा.
मी साखळी न काढता आतूनच ओरडले,
काय आहे?
माझाच आवाज मला ओळखू येईना.

काही नाही हो, शेंगोळे केले होते,
म्हणत बाहेर काहीतरी फरशीवर टेकलं,
वर ताटली झाकल्याचा आवाज,
मग चपला जिन्यानं वर, सावकाश.

दिवा न लावता मी उभी होते.
दाराखालच्या फटीतून
कुळथाचा, लसणाचा
ऊन वास
आत येत होता.