खांबाचं बिल

वीज कंपनीचं पाकीट. मला वाटलं, नेहमीचं.
आत खांबाचं बिल.
एक खांब, चाळीस फुटी, पाइनचा.
आडवा दांडा एक. चिनी मातीच्या वाट्या दोन.
चार माणसं, साडेतीन तास,
रविवार उजाडला होता म्हणून दीडपट मजुरी.
आणि खाली बारीक अक्षरांत:
जुन्या खांबाचं वय वर्षं शेहेचाळीस,
घसारा वजा.

माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता तर.
माझा घसारा कुणी वजा केलेला नाही.

शेरीफच्या कचेरीतल्या कागदावर लिहिलंय:
वाहन क्रमांक एक स्थिर वस्तूवर आदळले.
वाहन क्रमांक दोनचा रकाना रिकामा.
हवा कोरडी. रस्ता सरळ.
'सरळ'पाशी श्रीरंग दर वेळी थांबतो.

फोस्टोरियाहून फिंडलेला येणारा रूट बारा
खरंच सरळ आहे, दुरेघी वहीतल्यासारखा.
दोन्हीकडे कापून नेलेला मका,
मैलाला एखादं कोठार, दिवा लावून बसलेलं.
एवढा मोकळा मुलूख सोडून
आम्ही नेमका खांब शोधला.

एअरबॅग फुटल्या तेव्हा गाडीत
गिरणीत उडतं तसं पांढरं उडालं.
हॉर्न अडकलेला,
रेडिओवर कुणीतरी फुटबॉलचा स्कोअर सांगतच होतं.
"हा मध्येच कुठून आला?" श्रीरंग म्हणाला, मांडीत काचा घेऊन.
डेप्युटी हॉलर्ननं विचारलं, काय म्हणतायत?
मी म्हटलं, खांबाची चौकशी करतायत.

तिसऱ्या दिवशी पट्टा अंगावर उमटला.
त्याच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे,
थेट जानवं, फक्त चार बोटं रुंद.
मुंजीनंतर दोन वर्षांत ज्यानं ते खुंटीला लावलं
त्याला ओहायोनं पुन्हा घातलं, जांभळं.
मी शेजारच्या सीटवर, म्हणून माझं उजव्या खांद्यावरून.
अपसव्य.
बायकांना जानवं नसतं,
मला मिळालं तेही पितरांना पाणी सोडायच्या बाजूचं.
आरशासमोर हसू फुटलं
आणि छातीच्या मधल्या हाडातून आरपार गेलं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला प्लास्टर नसतं,
आपोआप जुळेल.
खोकला आला, शिंक आली, की उशी छातीशी घट्ट धरा.

गुरुवारी शेजारची डोलोरेस आम्हाला तिकडे घेऊन गेली.
करड्या रांगेत एकच खांब हिरवट पिवळा,
औषधाच्या वासाचा.
जुन्याचा बुंधा चरात पडलेला,
त्याला गंजक्या स्टेपल पिना, शेकड्यांनी.
हरवलेली मांजरं, गॅरेज सेल,
चर्चमधलं शुक्रवारचं माशांचं जेवण.
कागद केव्हाच गेले, पिना राहिल्या.
पाय लागला की करतो तसा
श्रीरंगनं बुंध्याला हात लावून छातीशी नेला.
डोलोरेस बघत राहिली. काही विचारलं नाही तिनं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच रकान्यात नाही.
फोस्टोरियापासून आम्ही बोलत नव्हतो.
जेवताना कुणीतरी घर विकण्याचा विषय काढला,
मी सगळ्यांसमोर काहीतरी बोलले,
त्यानं किल्ली उचलली.
पुढे अंधारात त्याची मान एकदा खाली गेली. सावरली.
पुन्हा गेली.
मी पाहिलं.
मनात म्हटलं, आधी तो बोलू दे.

बिल सहा हप्त्यांत फेडायचं ठरलंय. पहिला गेला.
चहा घेताना माझं नाक हुळहुळतं,
त्याला माझ्याआधी कळतं, तो उशी पुढे करतो.
मी दोन्ही हातांनी धरते, डोळे मिटते,
तोंड उघडते.

शिंक येत नाही.
तो अजून उशीचं दुसरं टोक धरून आहे.