कूलर बंद करू का

तू विचारलंस, मुलाखत कशी घ्यावी.
मला फक्त तांडापेठेतली एक दुपार सांगता येईल.
मे महिना, शेहेचाळीस डिग्री,
आणि मी सगुणाबाई हेडाऊंना म्हणाले,
"कूलर बंद करू का? टेपमध्ये आवाज येतो."
"कर ना बाप्पा," त्या म्हणाल्या.

एकवीस प्रश्न होते माझ्याकडे, नंबर घातलेले.
मिलमध्ये कधी लागलात? एकोणसत्तरले.
खातं? रीलिंग.
बंद पडली तेव्हा काय वाटलं?
काय वाटन.
पदराने मान पुसत पुसत त्यांनी
सगळी उत्तरं दिली, हजेरी दिल्यासारखी.
टेप अगदी स्वच्छ आली.
तीत काहीच नव्हतं.

दुसऱ्यांदा गेले ती विसरलेला दुपट्टा आणायला.
कूलर ढणढणत होता, खस ओली,
त्या चिंच फोडत बसलेल्या.
मीही बसले. ताट अर्धं भरलं.

मग त्या आपणहूनच,
माझ्याकडे न बघता:
"तुले आवाज नको होता ना त्या दिवशी?
आमच्या खात्यात इतका आवाज,
का ओठावरून बोलणं वाचा लागे.
शेवंता घोडमारे माह्या समोर.
बारा वर्सं बोललो आम्ही,
तिचा नवरा, माही सासू, सारं सारं.
भोंगा झाला का ती तिकडं पळे, मी इकडं,
घरी लेकरं.
मंग मिल बंद झाली. हिसाबाच्या लाइनीत
मागून कोणी तरी हाका मारून रायलं,
सगुणा, व सगुणा.
मी पलटलीच नाही.
मले तो आवाज मालूमच नव्हता."

टेप पिशवीत होती.
"परत सांगाल?" मी विचारलं,
तेव्हाही नको होतं विचारायला.
त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग कूलरकडे.
"मंग तू त्याले बंद करशीन."

नाही केला.
नखं दोन दिवस आंबट होती.

ये कधीतरी, ती दुसरी टेप ऐकवते.
नुसती ढणढण आहे.
मध्येच एक चिंचोका ताटात पडतो, टक्क,
तिथे त्यांनी शेवंताचं नाव घेतलंय.
ऐकू येत नाही.
मी समोर बसले होते.